आपण नाही गं, आम्ही

गाडी यॉर्कडेलच्या अलीकडे उघड्यावर आली, डब्यात एकदम फेब्रुवारीचं पांढरंफेक ऊन शिरलं, आणि उल्का देवस्थळीच्या पाठीमागच्या सीटवरचा माणूस फोनवर मराठीत बोलायला लागला. टोरोंटोच्या सबवेत मराठी ऐकू येणं यात आता काही नवल राहिलेलं नाही. कान टवकारायचे आणि चेहरा मात्र आपण त्या गावचेच नाही असा ठेवायचा, ही इथल्या मराठी माणसाची जुनी खोड, आणि उल्काही तिला अपवाद नव्हती. एरवी ती या गाडीत नसतेच. पण तिची कार गॅरेजात पडली होती, म्हणून आज जॅकेटची टोपी कपाळावर ओढून, मफलर नाकावर घेऊन ती चार लोकांसारखी शेवटच्या स्टेशनपर्यंत, वॉनच्या ऑफिसला, निघाली होती. आवाज ओळखीचा निघाला. तो उन्मेष होता, तिच्याच संस्थेचा ऑपरेशन्स मॅनेजर, नागपूरचा. ट्रक, माणसं, वेळापत्रक सगळं त्याच्या हातात. पाठीला पाठ लावून बसलेली बाई आपली बॉस आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तो बायकोशी बोलत होता. "हो गं यामिनी, परवा मीटिंगमध्ये मॅडम सांगून राहिल्या होत्या ना. आम्ही ठरवलंय म्हणे, आता मोठं व्हायचं." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो जरा थांबून, एखाद्या लहान मुलाची चूक सुधारावी तशा शांतपणे म्हणाला, "आपण नाही गं. आम्ही. म्हणजे ते वरचे." आणि मग, "आज अकराला पुन्हा मीटिंग आहे. ऐकून घेतो एकदा, अन् मग त्या दुसऱ्या वेअरहाऊसला अप्लाय करून टाकतो. डेल्रॉय पण सोडतो म्हणून राहिला."

उल्काला हे लागलं. नोकरी सोडून जाणारी माणसं तिनं काही कमी पाहिली नव्हती. बावन्न वर्षांच्या बाईला, त्यातही एका संस्थेच्या एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरला, एवढंतेवढं मनाला लावून घेऊन चालत नाही. लागला तो एकच शब्द. तिनं परवा म्हटलं होतं इंग्रजीत, 'वी हॅव डिसायडेड टू ग्रो'. इंग्रजीतला हा 'वी' मोठा सोयीचा, कुणालाही काही कळू न देता सगळ्यांना कवेत घेतल्यासारखं दाखवतो. भाषणाच्या तयारीसाठी बोर्डानं तिला एक लीडरशिप कोच नेमून दिला होता, आणि त्या गोड बोलणाऱ्या माणसानं तिच्या मजकुरातला प्रत्येक 'आय' खोडून तिथं 'वी' लिहिला होता. तिलाही ते आवडलं होतं. नम्र वाटतं, असं ती स्वतःशी म्हणाली होती. आणि आता नागपूरच्या या माणसाला तेच वाक्य बायकोला मराठीत सांगायची वेळ आली, तेव्हा मराठीनं त्याला अडवून विचारलं, कोणता 'वी' बाबा? समोरच्याला धरून की वगळून? त्यानं क्षणभरही विचार केला नाही. आम्ही म्हणाला. बायकोनं भाबडेपणानं आपण म्हटलं असेल तर तिलाही दुरुस्त केलं. उल्काला वाटलं, मागं वळावं आणि सांगावं, अहो, मला तसं नव्हतं म्हणायचं. पण मग कसं म्हणायचं होतं? गाडी पुन्हा बोगद्यात गेली. समोरच्या काळ्या काचेत तिला तिची टोपी, मफलर आणि मधली डोळ्यांची फट दिसली, आणि तिनं प्रामाणिकपणे ते वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिलं. आपण ठरवलंय. छे. खोटं वाटलं. आम्ही ठरवलंय. हे मात्र जिभेवर कसं अलगद बसलं. उन्मेषनं भाषांतर अगदी बरोबर केलं होतं, आणि हेच तिला सहन होईना.

वॉनला सगळी गाडी रिकामी झाली. तो उतरून लांब लांब टांगा टाकत बसच्या दिशेने गेला, आणि ही खांबाशी उभी राहून हातमोजे उगीचच काढत-घालत राहिली, त्याची बस सुटेपर्यंत. स्वतःच्या माणसापासून लपून उभं राहायची पाळी यावी, याची तिला लाज वाटली. दोघांचं मराठी एक आणि तो आल्यापासूनच्या दोन वर्षांत ती त्याच्याशी मराठी म्हणून बोलली ती दिवाळीला, "फराळ छान होता हं" एवढंच. ऑफिसात बाकीच्यांना परकं वाटू नये म्हणून इंग्रजी, असा तिचा नियम होता आणि त्याचा तिला अभिमानही होता. तो तिला इंग्रजीत बेधडक उल्का म्हणायचा, सगळेच म्हणायचे. मराठीत मात्र ती मॅडम होती, हे तिला आज कळलं. पुढची बस येईपर्यंत ती स्टेशनच्या काचेच्या दाराआड उभी राहिली. बाहेर बर्फाचा राखाडी चिखल झाला होता, त्यातून वेअरहाऊसांच्या लांबच लांब बिनखिडक्यांच्या भिंती दिसत होत्या, आणि एका कोपऱ्यावर एक माणूस पुठ्ठ्याचा तुकडा हातात घेऊन गाडीची काच साफ करत होता. एरवी तिला हा भाग कधी दिसलाच नव्हता, कारण ती कारमध्ये बातम्या ऐकत यायची.

संस्थेचं नाव होतं 'फर्स्ट नाइट होम'. पाच वर्षांपूर्वी बोर्डानं नवा लोगो करून घेतला आणि तेव्हापासून ते एफएनएच झालं. नव्या पोरांना तर ही तीन अक्षरं कशाची हेही ठाऊक नव्हतं. काम साधं. हॉस्पिटलातून घरी जाणाऱ्या माणसाला तो खालीवर होणारा, कठड्यांचा पलंग लागतो, तो त्याच्या घरी नेऊन, जोडून द्यायचा आणि काम झालं की परत आणायचा. काहींचं काम बरं होऊन होतं. काहींचं बरं न होताच. त्यांना फक्त स्वतःच्या घरात, स्वतःच्या खिडकीकडे तोंड करून पडायचं असतं, जितके दिवस असतील तितके. घरी पलंग लागल्याचं कळल्याशिवाय हॉस्पिटल माणसाला सोडत नाही. शुक्रवारी दुपारी पलंग पोचला नाही तर माणूस सोमवारपर्यंत वॉर्डातच, आणि काहींच्या वाट्याला सोमवार येत नाही. हे सगळं उल्काला ठाऊक होतं. ठाऊक असूनच तिनं मागच्या महिन्यात बोर्डासमोर मान डोलावली होती. नर्सिंग होम्सच्या, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमांच्या, एका मोठ्या साखळीला वर्षानुवर्षांच्या भाड्यानं पलंग हवे होते, शेकड्यांनी. त्यासाठी ट्रक लागणार, माणसं लागणार, मग घरचे पलंग मागं सरकणार, 'तीन ते पाच कामाच्या दिवसांत' जाणार. कागदावर हे वाक्य फार सभ्य दिसत होतं. आज, शुक्रवारी, अकराला ते लोकांना सांगायचं आणि दुपारी दोनला बोर्डानं वॉनलाच येऊन शिक्का मारायचा, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं होतं, हे आता वेगळं सांगायला नको.

बसमध्ये तिला तिचे वडील आठवले आणि ती वैतागली, कारण हे असं काही झालं की ते हटकून आठवायचे. मिरजेत, गावभर दवाखाने, आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत बाबांचं रुग्णसाहित्य केंद्र. पोस्टातून सुटले की सायकल थेट तिकडे. पलंग, पाण्याच्या गाद्या, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, अनामत भरायची आणि न्यायचं. बाबा काही संत वगैरे नव्हते. खुर्ची न धुता परत आणणाऱ्याला ते भर रस्त्यात असं काही झापत की समोरच्या चहावाल्याचं गिऱ्हाईक थांबून ऐके. पण पलंग परत आणणाऱ्याला ते आधी बसवत आणि काही विचारत नसत, चहा सांगत. पलंग परत आलाय म्हणजे काय झालं असेल हे त्यांना कळायचं. पुढे वाचनालयाच्या कमिटीच्या डोक्यात आलं की त्या खोलीत वधूवर सूचक केंद्र काढावं, लोकांची वर्दळ वाढेल, संस्थेचं नाव होईल. बाबा बैठकीत तावातावानं बोलले आणि शेवटी टेबलावर किल्ल्या आपटून म्हणाले, आम्ही उद्यापासून येणार नाही. उल्का तेव्हा नववीत होती, दारात उभी राहून बघत होती. कुणी त्यांना थांबवलं नाही. घरी आल्यावर आईनं भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, "एकटेच तर आहात, आणि म्हणे आम्ही." चार दिवसांत पलंग गॅलरीत गेले आणि खोलीत मुलींच्या फोटोंचे अल्बम आले. बाबा बरोबर होते. पण त्यांच्या मागे कुणीच नव्हतं, कारण त्यांनी कधी कुणाला मागे, पुढे, बाजूला उभंच करून घेतलं नव्हतं. किल्ल्या पहिल्यापासून एकट्याच्या खिशात. त्या दिवसापासून नववीतल्या मुलीनं मनाशी गाठ बांधली की भांडायचं नाही. आणि ती खरंच भांडली नाही. कॅनडात आल्यावर सस्काटूनला हॉस्पिटलच्या बिलिंगच्या खिडकीत बसली तेव्हा नाही, टोरोंटोला आली तेव्हा नाही, एकेक पायरी चढत या खुर्चीत आली तेव्हाही नाही. सगळे म्हणायचे, उल्काबरोबर काम करणं किती सोपं आहे. बसच्या काचेला कपाळ टेकवून तिला आज वाटलं, बाबांनी बरोबर गोष्टीसाठी आम्ही म्हटलं आणि हरले. आपण चुकीच्या गोष्टीसाठी आम्ही म्हणतोय आणि जिंकत चाललोय. या जिंकण्याची तिला शिसारी आली. आणि मग, कुणाला खरं वाटणार नाही, पण तिला एकदम हलकं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला भांडावंसं वाटत होतं, आणि ती एकटी भांडणार नव्हती.

अकराला सगळे गोदामात जमले, नेहमीसारखे, पलंगांच्या रांगांमध्ये जिथं जागा मिळेल तिथं. जंतुनाशकाचा वास, हीटरची घरघर. पडद्यावर तिच्या स्लाइड्सची पहिली चौकट झळकत होती, एक हिरवा बाण वर चाललेला. उल्कानं जाऊन प्रोजेक्टरची वायर काढली. ती काही मोठ्या आत्मविश्वासानं काढली असं नाही. प्लग पहिल्या झटक्यात निघालाही नाही. मग ती इंग्रजीत म्हणाली, "परवा मी म्हणाले, वी हॅव डिसायडेड. माझ्या भाषेत दोन 'वी' आहेत. एकात तुम्ही असता, एकात नसता. आज सकाळी मला कळलं की मी कोणता वापरला." उन्मेषनं मान वर केली. त्याच्या तोंडचा रंग उडाला; सबवे, पाठीमागची सीट, जॅकेटची टोपी, सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटताना तिला दिसलं. तिनं त्याच्याकडे बघून किंचित मान हलवली, राग नाही अशा अर्थानं. आता फजिती होणार, असं तिला वाटलं, भाषेचा तास घ्यायला आली म्हणून हसतील. तेवढ्यात पलंग धुण्याच्या विभागातली मारिसेल, मनिलाची, हात वर न करताच म्हणाली, "आमच्यातही दोन आहेत. कामी आणि तायो. कामी म्हणजे तुम्हाला सोडून."

"नांगळ आणि नाम," ट्रकच्या दाराशी टेकून उभा असलेला सिवा म्हणाला. तो जाफन्याचा तमिळ, महिनोन्महिने तोंडातून शब्द न काढणारा. "नाम म्हणजे सगळे."

"माझा काका रास्ता होता, जटावाल्या रास्ताफारी पंथातला," डेल्रॉय म्हणाला. सगळ्यांत जुना ड्रायव्हर, जमैकाचा, सोडून जातो म्हणणारा. "तो वी म्हणायचाच नाही. आय अँड आय म्हणायचा. मी आणि मी. त्यात कोण सुटणार सांगा."

सामान चढवणारी राजिंदर कौर कमरेवर हात ठेवून उभी होती. "पंजाबीत एकच आहे, असीं," ती म्हणाली. "पण ट्रक भरायला एक पुरतो." आणि मग गोदाम हसलं. पत्र्याच्या छपराखाली तो हशा इतका मोठा झाला की उल्कालाही आवरेना, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत या जागेत तिनं टाळ्या ऐकल्या होत्या, हशा नव्हता. एका इंग्रजीच्या छताखाली ही सगळी माणसं आपापले एक-एक, दोन-दोन 'वी' खिशात घालून उभी होती, आणि प्रत्येकानं तिचं ते परवाचं वाक्य आपापल्या घरी नेऊन, आपापल्या भाषेत, अगदी बरोबर उलगडून सांगितलेलं होतं. मारिसेल म्हणाली असेल कामी. सिवा म्हणाला असेल नांगळ. हे लक्षात आल्यावर तिला शरम वाटायला हवी होती. वाटली ती सुटका.

मग नर्सिंग होमच्या कामापायी घरचे पलंग मागं सरकणार होते हे तिनं सांगून टाकलं, ते आता आपल्याला मान्य नाही असंही, आणि विचारलं, "आपलं काम काय आहे? लोगो नाही, मिशन स्टेटमेंट नाही. उद्या नवा माणूस आला तर त्याला एका वाक्यात काय सांगाल?" मग डेल्रॉय म्हणाला की तो नव्या पोरांना एकच गोष्ट सांगतो, पलंग आधी पोचला पाहिजे. माणूस ॲम्ब्युलन्समधून घरात येईल तेव्हा त्याला पलंग जोडणारे आपण दिसताच कामा नये, चादर घातलेला पलंग दिसला पाहिजे. बस. त्याला यात काही विशेष बोललोय असं वाटलंच नाही. पण उल्काच्या अंगावर काटा आला. दोन वर्षं ती ज्या वाक्याच्या शोधात कोच, कन्सल्टंट, रिट्रीट करत हिंडली ते इथं रोज सकाळी ट्रकच्या केबिनमध्ये कॉफीबरोबर सांगितलं जात होतं. राजिंदर मात्र एवढ्यानं विरघळणारी नव्हती. ती म्हणाली, "ते सगळं ठीक. पण मला शिफ्ट हव्यात. नर्सिंग होमचं काम आलं तर वर्षभर शिफ्ट पक्क्या, असं तुम्हीच म्हणालात. आता तुमचं मन बदललं म्हणून माझ्या शिफ्ट गेल्या, असं नको व्हायला." गोदामात अस्वस्थ चुळबुळ झाली, कारण हे पुष्कळांच्या मनात होतं. जुनी उल्का इथं काहीतरी गुळगुळीत बोलली असती, दोन्ही बाजूंचा विचार करू म्हणाली असती. ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. मला काम सोडायचं नाही. मला ते आपल्या अटीवर घ्यायचंय. घरचा पलंग आधी. ते नर्सिंग होमवाल्यांनी मानलं तर त्यांचं काम करायचं. नाही मानलं तर मी सही करणार नाही, आणि तुमच्या शिफ्टसाठी दुसरं काम शोधेन, ते माझ्या गळ्यात. पण हे जमतं का, ते मला माहीत नाही. मला ट्रकचं काही कळत नाही." आणि मग ती वळली, आणि ऑफिसातला स्वतःचाच नियम मोडून सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, "उन्मेष, आपल्याला जमेल?"

शब्द कुणाला कळला नव्हता, पण विचारलं काय हे सगळ्यांना कळलं होतं. उन्मेष तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यालाच ठाऊक, पण ओठ हलत होते, हिशेब करताना माणसाचे हलतात तसे, आणि उल्काला त्या हलणाऱ्या ओठांकडे बघून इतकी भीती वाटली की आयुष्यात कुठल्या मुलाखतीत वाटली नव्हती. तो नाही म्हणाला असता तर सगळंच संपत होतं. "जमते, मॅडम," तो शेवटी म्हणाला, नागपूरच्या थाटात. "नर्सिंग होमले पलंग मंगळवारी गेला काय अन् बुधवारी गेला काय, त्यांच्या खोल्या काही पळून जाऊन नाही राहिल्या. दोन ट्रक त्यांच्या कामाले कधीच लावायचे नाहीत. काही झालं तरी. ते घरचेच." मग त्यानं तेच इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं, डेल्रॉयनं त्यात शुक्रवारच्या वाटा बदलून दिल्या, राजिंदरनं आठवड्याच्या सुरुवातीला भराभर दोन शिफ्ट लावल्या तर शुक्रवार मोकळा राहतो हे दाखवलं, आणि सगळे एकमेकांना तोडत, बोटांनी हवेत रस्ते काढत बोलायला लागले. उल्का बाजूला सरकली. तिला करायला काही उरलं नव्हतं आणि तिला ते फार आवडलं. जेवणाच्या सुट्टीत उन्मेष डबा घेऊन तिच्यापाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, "सकाळी तुम्ही ऐकलं." ती म्हणाली, "ऐकलं. नसतं ऐकलं तर वाटोळंच झालं असतं." तो हसला. मग डब्याचं झाकण उघडत म्हणाला, "नाही करत अप्लाय. यामिनीले सांगून टाकलं." त्यानं वांग्याची भाजी पुढं केली आणि तिनं ती उभ्या उभ्या बोटांनीच खाल्ली.

दोनला बोर्ड आलं. एरवी बैठक वरच्या काचेच्या खोलीत व्हायची, तिथं कॉफी असे, मऊ खुर्च्या असत. उल्कानं त्यांना खाली गोदामात नेलं आणि म्हणाली, बसा. बसायला पलंगच होते. बोर्डाची अध्यक्ष हेदर, बँकेतून निवृत्त झालेली, हुशार, कडक, आणि मनानं वाईट मुळीच नाही. तिला उल्कानं डिस्पॅचच्या, म्हणजे मागणीचे फोन घ्यायच्या, टेबलाशेजारचा पलंग दिला, कारण हीटर तिथं होता. हेदरचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दुसऱ्या एका सभासदानं कुतूहलानं बटण दाबलं आणि तो सगळ्यांदेखत हळूहळू वर चढत गेला. कुणीतरी खोकून हसू लपवलं. उल्कानं उभं राहून सांगितलं. काम घेऊ, पण करारात वाक्य एकच हवं, घरचा पलंग आधी, नाहीतर मी सही करणार नाही. हेदर म्हणाली, "मागच्या महिन्यात तुम्ही हो म्हणाला होतात." "म्हणाले होते. चुकले," उल्का म्हणाली. हे दोन शब्द तोंडातून इतके सहज निघाले की तिचं तिलाच नवल वाटलं. मिरजेच्या त्या बैठकीत बाबांच्या मागं भिंत होती. तिच्या मागं डेल्रॉय होता, मारिसेल होती, राजिंदर होती, हाताची घडी घालून उभी. हेदरनं बँकेतला प्रश्न विचारला, आणि तो खरोखरच विचारायला हवा असाच होता. "समजा नर्सिंग होमवाले आणि घरचे दोघांनी एकाच वेळी पलंग मागितला आणि तुम्ही इथं नसलात, तर ठरवणार कोण? कुणाची परवानगी घ्यायची?"

"कुणाची नाही," उल्का म्हणाली. "जो फोन उचलेल तो."

हेदरनं भुवया उंचावल्या. व्यवस्थेच्या दृष्टीनं हे उत्तर नव्हतंच, आणि तसं ती म्हणणारही होती, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात डिस्पॅचचा फोन वाजला. तो हेदरच्या कोपराशीच होता. उन्मेष लांब ट्रकच्या मागं, सिवा त्याच्यासोबत. सगळ्यांनी उल्काकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. हलायचं नाही एवढंच एक काम तिला त्या वेळी करायचं होतं, आणि ते तिनं जीव लावून केलं. फोन वाजत राहिला. शेवटी हेदर, आयुष्यात कुठलाही फोन वाजू न देणारी बाई, किंचित वैतागून रिसीव्हर उचलती झाली. ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. कडकपणा गेला असं नाही, पण तो कुठंतरी दुसरीकडे रोखला गेला. रिसीव्हरवर हात ठेवून तिनं खालच्या आवाजात विचारलं, "ब्रॅम्प्टन. एक म्हातारे गृहस्थ. आज संध्याकाळी घरी न्यायचंय, मुलगी विचारतेय. सोमवारपर्यंत थांबायला नको असं डॉक्टर म्हणतात. पलंग आहे?"

"धुऊन तयार आहे," मारिसेल म्हणाली. ट्रकमागून सिवानं हात वर करून किल्ल्या दाखवल्या. राजिंदर आधीच शटरकडे निघाली होती. कुणी उल्काकडे पाहिलं नाही, आणि उल्काच्या मनात आनंद इतका भरून आला की तिला घटकाभर पाठीमागच्या पलंगाचा कठडा धरावा लागला.

हेदर पुन्हा फोनवर बोलायला लागली, पण आता तिचा आवाज बँकेतला नव्हता. ती म्हणाली, "काळजी करू नका. तुमच्या वडिलांच्या आधी पलंग पोचेल." शटर वर गेलं, बाहेरची गार हवा आत घुसली, बोर्डाचे सभासद पातळ शर्टांत कुडकुडत पलंगांवर बसून राहिले, आणि ट्रक गेटाबाहेर जाईपर्यंत ते बंद करा असं कुणी म्हणालं नाही. मतदान त्यानंतर झालं. विरोधात एकही हात वर गेला नाही. जाणार कसा, अध्यक्षबाई फोनवर शब्द देऊन बसल्या होत्या.